ज्याचं बी त्याला निकाल

माझा सख्खा भाऊ माझ्याशी उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही चहा पिता पिता. त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवाळीला मी त्याला ओवाळते, तोही ओवाळणी घालतो, बघणाऱ्याला वाटतं बहीण-भावाचं किती छान चाललंय. पण तेव्हापासून तो नुसतं "आभाळ आलंय" म्हणाला तरी मी दारात जाऊन वर बघते. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट आहे असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

ही गोष्ट नानांची आहे. नाना म्हणजे आमचे वडील. बदनापूरला कडधान्यांवर संशोधन करणारी जी शेतं आहेत, तिथं ते नोकरीला होते. शास्त्रज्ञ वगैरे नव्हते, मॅट्रिकपर्यंत शिकलेले मदतनीस होते. तुरीची कळी चिमट्याने उघडायची, दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा, फांदीला दोरा बांधायचा, शेंगा पिकल्या की बी मोजून पुडीत भरायचं, हे त्यांचं काम. मोठे साहेब बदलून जायचे, नवे यायचे, नाना तिथेच. कुठल्या ओळीत काय पेरलंय ते साहेब कागदात बघायचे आणि मग खात्री करून घ्यायला नानांना विचारायचे.

पण आजूबाजूच्या गावांत नानांचं नाव होतं ते वेगळ्या कामासाठी. मृगाच्या आधी महिना-दीड महिना लोक आमच्या घरी बी घेऊन यायचे. घरचं राखलेलं बी, पंच्याच्या टोकाला गाठ मारून आणलेलं. पेरायच्या आधी ते उगवेल की नाही हे नाना बघून द्यायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, अंगणात अंथरायचा, त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरा ओला तुकडा, मग गुंडाळी करून सुतळीने बांधायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि कोंब मोजायचे. शंभरातले सत्तरच्या वर उगवले तर खुशाल पेरा. फारच कमी उगवले तर डाळ करून खा, पण रानात टाकू नका. मूठभर बियांवरून अख्ख्या पोत्याचं भविष्य सांगायचं, तेही पोतं न फोडता.

मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. तेव्हापासून नानांनी मला शेजारी बसवलं. या कामाचे त्यांचे तीन कायदे होते आणि ते मोडले की त्यांच्यातला प्रेमळ माणूस कुठल्या कुठे जायचा.

पहिला कायदा, गुंडाळीला नाव लावायचं नाही, नंबर लावायचा. "नाव दिसलं की डोळा नरम पडतो माय," ते म्हणायचे. "आपल्या माणसाचं बी असलं की मरतुकडा कोंब बी जित्ता दिसाया लागतो. निकाल लागंस्तवर हे कोणाचं बी हाय ते बिलकुल विसरून जायचं." आणि खरंच विसरल्यासारखे वागायचे. पंचवीस-तीस गुंडाळ्या असायच्या, कुठला नंबर कोणाचा हे कुठेही लिहिलेलं नसायचं. आठव्या दिवशी माणूस दारात आला की नाना त्याच्याकडे एकदा बघायचे आणि थेट त्याचाच निकाल सांगायचे. आई म्हणायची, अहो, लिहून ठेवा. तर म्हणायचे, "लिहून ठेवलं की माणूस कागद बघतो, बी बघत न्हाई." ही त्यांची ऐट होती. याच ऐटीनं पुढे घात केला, पण ते नंतर.

दुसरा कायदा, मोजणी दोघांनी करायची. आधी नाना मोजायचे आणि गप्प बसायचे. मग मी मोजायचे. मग दोघांनी एकदम आकडा बोलायचा. जुळला तर निकाल, नाही तर पुन्हा. स्वतः मोजलं नसेल तर आकडा तोंडातून काढायचा नाही. एकदा दुपारी मला झोप येत होती, मी नुसतं वरवर बघून "चौऱ्याहत्तर" म्हणाले. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्यांदा मोजायच्या आधीच रडायला लागले. मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त तो सगळा उन्हाळा मला मोजायला बसू दिलं नाही. त्यापेक्षा मार परवडला असता.

तिसरा कायदा सगळ्यांत कडक. ज्याचं बी त्याला निकाल. आधी त्याच्या कानात, मग जगाच्या. एकदा एका शेतकऱ्याची बायको निकाल विचारायला आली, नवरा परतूरच्या बाजारात गेलेला. नानांनी तिला बसवलं, आईला चहा ठेवायला लावला, आणि चहा झाल्यावर म्हणाले, त्यांना पाठवा. बाई तणतणत गेली. आईही चिडली, बायकोला सांगायला काय धाड भरते म्हणून. नाना म्हणाले, "बी त्यानं आणून देल्तं. निकाल बी त्याच्याच कानात जाईल. मंग त्यानं डफडं वाजवून गावाला सांगावा न्हाईतर गिळून टाकावा. पर आधी त्याला कळलं पाह्यजे. दुसरं बी बघाया त्याला टाइम पाह्यजे ना."

संध्याकाळी तो माणूस आला. त्याचं बी मेलेलं होतं. नानांनी तसं स्पष्ट सांगितलं, तो उठून दुसऱ्या बियाच्या मागे लागला. त्या वर्षी त्याची तूर कमरेच्या वर गेली होती, हे मला आठवतं कारण त्याने आम्हाला शेंगांचं अख्खं टोपलं आणून दिलं होतं.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात माळवदाच्या खोलीत चाळीसेक पत्र्याचे डबे होते. दुधाच्या पावडरचे, बिस्किटांचे. त्यांत नानांनी गावोगावचं जुनं बी जपलं होतं. कुठे एखाद्या म्हातारीच्या परसात एकच झाड उरलेली तूर, कुठे खडकावर येणारा मूग, कुठे कमी पाण्याची ज्वारी. नवीन वाण आले तसं लोकांनी ते सोडलं आणि नानांनी मूठमूठ मागून आणलं. दर दोन-तीन वर्षांनी घरामागच्या तुकड्यात एकेक ओळ पेरून ते जिवंत ठेवायचे. डब्यांवर फक्त नंबर. कोणत्या गावचं, कोणाकडून आणलं, कोणत्या जमिनीत येतं, काय सोसतं, हे सगळं नानांच्या डोक्यात. तुरीचे वीस डबे माझ्यापुढे उघडून ठेवले असते तर मला त्यांतले पाचसुद्धा वेगळे ओळखता आले नसते.

पुढे मी शिक्षिका झाले, परतूरच्या शाळेत लागले. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. रविवारी पॅसेंजरने बदनापूरला यायचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नानांजवळच राहायचा आणि रोज जालन्याला एका कंपनीत कामाला जाऊन येऊन असायचा. नाना निवृत्त झाले, आई गेली, तरी मृगाच्या आधी लोक येतच राहिले, आधीपेक्षा कमी, पण येत राहिले. मोजायला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत असायचेच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी दोन गुंडाळ्या उलगडलेल्या, आमची मोजणी झालेली. एकीत ब्याऐंशी, दुसरीत एकोणतीस. दारात बी आणून देणारा माणूस उभा. नाना त्याच्याकडे बघत राहिले. मग गुंडाळ्यांकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. शेवटी म्हणाले, "अजून दोन दिस लागतील." माणूस बरं म्हणून गेला. नाना घरात येऊन पाटावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

"माय," ते म्हणाले, "मला याद येऊन न्हाई राह्यलं. त्याचं कोणतं ते."

मी म्हटलं, होतं असं कधीकधी, वय झालं. ते म्हणाले, "न्हाई. विसरणं येगळं. मी तर रोजच विसरत आलोय, ठरवून. हे येगळं हाय. मी खोटं बोललो त्याच्याशी, दोन दिस म्हणून." मग स्वतःच म्हणाले, "माझी बी उगवण बघून घ्या एकदा."

कुणी ओढून नेलं नाही, समजावलं नाही. स्वतः म्हणाले. हे मी मुद्दाम सांगते आहे.

औरंगाबादला मेंदूचे एक डॉक्टर होते. आज-उद्या करत थंडी आली तेव्हा तिघं गेलो. त्यांनी शब्द पाठ करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. मग म्हणाले, हा विसराळूपणा वयाचा आहे, की पत्नी गेल्याच्या दुःखाचा, की अल्झायमर नावाच्या आजाराची सुरुवात आहे, हे एवढ्यावरून छातीठोक सांगता येत नाही. एक नवीन तपासणी आहे, आपल्याकडे अजून फारसं कुणी करत नाही. पाठीच्या कण्याभोवती जे पाणी असतं तेच मेंदूभोवतीही फिरतं. ते थोडंसं काढून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे त्यातली दोन प्रथिनं मोजतात. एक प्रथिन मेंदूत साचायला लागलं की पाण्यात कमी उतरतं. दुसरं, मेंदूच्या पेशी खराब व्हायला लागल्या की पाण्यात वाढतं. पहिलं कमी आणि दुसरं जास्त दिसलं तर आजाराचीच शक्यता मोठी. शंभर टक्के खात्री तेव्हाही नाही. आणि आजार निघाला तरी तो बरा करणारं औषध नाही.

"औषध नाही तर कळून काय करायचं?" दादाने विचारलं. प्रश्न वाईट नव्हता, कुणीही विचारला असता.

नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले, "बी मेलंय हे कळल्यावर बी जित्तं होतं का? तरी लोक येत व्हते ना." आणि डॉक्टरांना म्हणाले, "म्हंजे पोतं न फोडता मूठभर काढायचं. काढा." मग विचारलं, तिकडं मोजणी एकदाच करतात का? डॉक्टर हसून म्हणाले, नाही, एकच नमुना दोनदा मोजतात, जुळलं तरच धरतात. नानांचा चेहरा एकदम खुलला. "मंग बराबर हाय. पर एक करा डॉक्टरसाहेब. निकाल माझ्या हातात द्या. पोराच्या न्हाई, पोरीच्या बी न्हाई." डॉक्टरांनी मान डोलावली. मी आणि दादा तिथेच होतो.

त्यांना कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन पाणी काढलं. नितळ पाणी होतं, थेंब थेंब नळीत पडणारं. नाना त्या अवस्थेतही विचारत होते, काचेची बाटली चांगली की, पलाष्टिकची कशाला? डॉक्टर म्हणाले, ते प्रथिन काचेला चिकटून बसतं, मग आकडा उगाच कमी येतो. नाना म्हणाले, हां, बरं केलं सांगितलं.

परतताना जीपच्या मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते पडले होते. डोकं दुखत होतं तरी हिशेब चालूच. "हे बघ माय. निकाल खराब निघाला तर येत्या उन्हाळ्यात तू कुठं जायचं न्हाई. आपण डबे घेऊन बसू. मी एकेक डबा सांगतो, तू लिहून घे. आता लिहायलाच पाह्यजे. चांगला निघाला तर मंग घाई न्हाई, माझं मी बघतो." मी म्हटलं, आत्ताच बसू या की. तर म्हणाले, "निकालाच्या आधी पेरणी न्हाई करायची." हट्टी माणूस. मी तेव्हाच भांडायला हवं होतं, वही घेऊन बसायला हवं होतं. एरवी कुणाशीही भांडणारी मी, तिथं गप्प बसले.

पाणी काढल्यावर चार दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं. उठून बसलं की दुखायचं, आडवं झालं की कमी. मला ते बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी बरं वाटलं तसं मी परतूरला गेले.

काही आठवड्यांनी रविवारी आले तर दादा ओसरीवर चहा पीत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "अगं, काल गेलो होतो औरंगाबादला. ते पाणी वाया गेलं. तिकडे प्रयोगशाळेत कुणीतरी चुकून काचेच्या नळीत ओतलं म्हणे. आकडा धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा काढायची गरज नाही, वयाचंच दिसतंय." आणि बशीत चहा ओतून फुंकर घातली.

मला हायसं वाटलं. खरं सांगते, सुंठीवाचून खोकला गेला असंच वाटलं. मग दादाने आत जाऊन नानांना तेच सांगितलं. मी मागे उभी होते.

"हितं तर पलाष्टिकची व्हती," नाना म्हणाले.

"तिकडं बदलली, नाना."

"मंग परत काढा म्हणावं. माझं काई न्हाई, डोकं दुखंल चार दिस."

"गरज नाही म्हणाले डॉक्टर."

नानांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग मान वळवून माझ्याकडे. "तू व्हती का संगं? डॉक्टर बोलले तवा?"

मी नव्हते. मी परतूरला मुलांच्या वह्या तपासत होते. पण पुन्हा ती सुई, पुन्हा ते ठणकणारं डोकं, माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं. आणि सख्खा भाऊ कशाला खोटं सांगेल? मी म्हणाले, "हो नाना, होते मी. असंच म्हणाले ते."

नानांचा चेहरा सैल झाला. दोन्ही आकडे जुळले होते ना. "मंग घाई न्हाई," ते म्हणाले, आणि पांघरूण ओढून कुशीवर वळले.

त्या उन्हाळ्यात दादाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न झालं. वडीगोद्रीचं स्थळ, चांगली माणसं. नानांनी मांडवात अक्षता टाकल्या, जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्या सुट्टीत लग्नाच्या धावपळीत होते. डब्यांना कुणी हात लावला नाही. घाई नव्हती.

पुढचं दीड-दोन वर्षांत भराभर घडलं. आधी दिवस चुकायला लागले, मग माणसं. मी दर रविवारी म्हणायचे, दादा, पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ या. तो म्हणायचा, वय आहे गं, आणि विषय बदलायचा. मी वही घेऊन नानांजवळ बसायला लागले तेव्हा उशीर झाला होता. पहिल्या दिवशी तीन डबे सांगितले नीट. दुसऱ्या दिवशी तेच तीन डबे वेगळे सांगितले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तू कोणत्या गावची?

मग एका रविवारी मी स्टेशनवरून घरी पोहोचले तर अंगणात मोठं गोणपाट अंथरलेलं, त्यावर बियांचा ढीग. चाळीसही डबे रिकामे करून बाजूला नीट ओळीने मांडलेले. नाना ढिगाजवळ मांडी घालून बसले होते आणि एकेक दाणा उचलून उन्हात धरून बघत होते. लाल एकीकडे, पांढरा एकीकडे. "वाळत घालून राह्यलो," ते मला म्हणाले. "किडा लागतो न्हाईतर." खुशीत होते. पंचवीस वर्षांची गावं त्या एका ढिगात मिसळली होती आणि वेगळं करणारा माणूस समोर बसून हसत होता.

मी त्याच आठवड्यात रजा काढून, दादाला न विचारता, त्यांना औरंगाबादला घेऊन गेले. डॉक्टरांनी नानांशी दोन शब्द बोलून फाइल उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाण्याच्या तपासणीत जे दिसलं होतं त्याप्रमाणेच चाललंय दुर्दैवाने."

मी म्हटलं, तपासणी तर वाया गेली होती.

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. कागद तिथेच लावलेला होता. एक आकडा कमी, दुसरा जास्त, दोनदा मोजलेला. तारीख लग्नाच्या तीन महिने आधीची.

"तुमचे भाऊ येऊन गेले होते," डॉक्टर म्हणाले. "वडिलांना सांगू नये असं घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय म्हणाले. तुमचंही नाव घेतलं होतं त्यांनी. मीही मग जास्त ताणलं नाही. आपल्याकडे बरीच घरं असंच सांगतात." त्यांचा आवाज थोडा खाली गेला, त्यांना आठवलं असावं की नाना काय म्हणाले होते. मी बाहेर येऊन बाकावर बसले, नानांचा हात धरून.

घरी दादा आला तेव्हा मी ओसरीवर बसून वाट बघत होते. कागदाची नक्कल त्याच्यापुढे ठेवली. तो बघून बूट काढत राहिला.

"पोरीचं जमत होतं तेव्हा," तो म्हणाला. "घराण्यात वेड आहे असं उठलं असतं तर कोण करून घेणार होतं तिला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि लग्नानंतर?"

"नंतर कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?"

"मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू नानांना सांगितलं असतंस."

हे खरं होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. त्याने मला ओळखलं होतं, पुरतं ओळखलं होतं, आणि त्याच ओळखीचा उपयोग करून केसाने गळा कापला होता. नाना त्याच्या एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्याला दुसरी मोजणी हवी होती आणि ती मी दिली, न मोजता, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा चुकले तेव्हा एक उन्हाळा गेला होता. या वेळी काय गेलं ते अंगणात ढीग होऊन पडलं होतं.

मी त्याला खूप बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला वाटलं, जितके दिवस कळणार नाही तितके दिवस सुखात जातील त्यांचे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला.

गंमत पुढेच आहे. भाची माहेरपणाला आली तेव्हा तिला हे सगळं कळलं. ती म्हणाली, आत्या, सासऱ्यांना साखरपुड्यातच लक्षात आलं होतं. आजोबांनी त्यांना तीन वेळा विचारलं होतं, पाव्हणे कुठले म्हणून. तीनही वेळा त्यांनी न चिडता वडीगोद्री सांगितलं. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ज्याचं होतं त्याला.

पण हे नंतरचं. मी दादाशी भांडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नाना उन्हात बसले होते. त्यांचा दिवस बरा वाटत होता. अंघोळ झालेली, टोपी घातलेली, समोर रिकामं गोणपाट. मी कागद घेऊन शेजारी बसले. मला वाटलं, उशिरा का होईना, माणसाचा निकाल माणसाला मिळाला पाहिजे. त्यांना कळो न कळो, मी माझं काम करणार. पाणी काढलं होतं, मोजलं होतं, दोनदा मोजलं होतं, असं मी सावकाश सांगितलं. एक कमी भरलं, एक जास्त. मग त्यांच्याच शब्दांत म्हणाले, "नाना, निकाल चांगला नाही निघाला."

त्यांनी माझं सगळं नीट ऐकलं. आठव्या दिवशी माझा आकडा ऐकायचे तसंच, मान थोडी कलती करून. कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला, त्यावर नाव आहे का ते बघितलं असावं. मग विचारलं, "कोणाचं बी हाय?"

मी कागद त्यांच्या हातात सुलटा करून दिला.

"ज्याचं हाय त्याला सांगितलं का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

नानांचा चेहरा बदलला. कितीतरी दिवसांनी तो जुना कडक चेहरा मी बघितला. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि माझी मूठ वरून बंद केली.

"मंग मला कशाला सांगून राह्यली?" ते म्हणाले. "जा, जल्दी जा. आधी त्याला सांग. टाइम पाह्यजे ना त्याला."